ऐकण्यात गडबड झाली

हरीश, सोमवारी कँटीनमध्ये तुझी शोकसभा झाली. जेवणाची टेबलं भिंतीला लावली होती आणि तुझा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून त्याला हार घातला होता. फोटो इतका वाईट होता की तू असतास तर त्यावर आठवडाभर टाइमपास केला असतास. कर्णिक साहेब बोलायला उभे राहिले आणि तिसऱ्याच वाक्याला त्यांनी पाऊणशेची गोष्ट काढली. आमचा हरीश, सिंधी माणूस, फोनवर ऐकताना पाऊणशेचे पाचशे करून बसला आणि अख्खी शेड रिकामी करायला लावली. पण पठ्ठ्याने नंतर मराठी आकडे असे शिकून घेतले की आम्हा मराठी माणसांना लाज वाटावी. लोक हसले. शोकसभेत कोणी हसवलं की सगळ्यांना जरा मोकळं वाटतं. कविताभाभीही थोडी हसली, बाकीचे हसले म्हणून. तुझी लेक रेशमा मात्र मान खाली घालून नखं खरवडत बसली होती. मी पहिल्या रांगेत होते. मी हसले नाही, पण उठून बोललेही नाही.

सभा संपल्यावर साहेबांनी मला बाजूला घेतलं. कंपनीच्या पत्रिकेत हरीशवर एक पान जाणार आहे, ते तूच लिही, तुझ्याइतकं त्याला कोण ओळखतं, म्हणाले. शनिवारपर्यंत दे. आणि ती पाऊणशेची गंमत नक्की घाल.

तो फोन तू घेतला नव्हतास. मी घेतला होता. ही गोष्ट आजवर दोघांना माहीत होती आणि त्यातला एक गेला. म्हणजे शनिवारी मी जे लिहून देईन तेच कायमचं खरं होणार. तीन दिवस मी कागद पुढे घेऊन बसले आहे आणि पत्रिकेसाठी लिहायला घेतलं की तुझ्याशीच बोलायला लागते. तर आधी तुझ्याशीच बोलून घेते.

मी नोकरीला लागले तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आपली कॉम्प्युटर रूम म्हणजे देवघर होतं. चपला बाहेर काढायच्या, काचेचा दरवाजा लगेच लोटायचा, आत एसी. मोठे साहेबसुद्धा मोज्यांवर आत यायचे. बदलापूरच्या आमच्या घरात टेबलाशी बसून काम करणारी मी पहिली. बाबा फिटर होते, त्यांचे हात कधी पुरते स्वच्छ झालेले मी पाहिले नाहीत. त्यामुळे मी त्या खोलीत जीव मुठीत धरून बसायची. आणि तू? तू डब्यातले पापड घेऊन प्रयोग करायचास. एक पापड एसीत, एक बाहेर पॅसेजमध्ये, कोणता आधी सादळतो ते घड्याळ लावून बघायचास. प्रिंटरच्या नुसत्या आवाजावरून कोणता रिपोर्ट छापला जातोय ते ओळखायचास. नाल्याच्या पाण्याच्या रंगावरून शेजारच्या कंपनीत आज काय चाललंय ते सांगायचास. मला वाटायचं, या माणसाला पगार कशाचा देतात?

त्यात तुझं ते नव्व्याण्णवचं खूळ. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, असं करत एकोणनव्वदपर्यंत सगळे नीट येतात. मग एकोणशंभर का नाही? शंभराचा असा काय मान, की त्याच्या एक कमी म्हणायला कोणी धजत नाही? तू हे कँटीनच्या आचाऱ्याला विचारलंस, वॉचमनला विचारलंस, एकदा ऑडिटला आलेल्या पाहुण्यालाही विचारलंस. मला विचारलंस तेव्हा मी म्हणाले, आम्हाला शाळेत पाठ करायला सांगितलं, आम्ही केलं. तू हसून म्हणालास, "तुमची भाषा फुकट मिळालीय ना तुम्हाला, म्हणून." मला राग आला होता. अजूनही येतो, कारण उत्तर सुचत नाही.

या खुळातून तू एक प्रोग्राम लिहिलास. आकडा टाकायचा आणि मशीनने तो मराठी शब्दांत दाखवायचा, इंग्रजी अक्षरांत. आकडे बेशिस्त, एकाला लावलेला नियम दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे शंभरपर्यंतचे शब्द तू एकेक करून बसवलेस. सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे यांच्यासाठी वेगळी तजवीज केलीस. उल्हासनगरच्या दुकानात बापाच्या शेजारी बसून तू सव्वा, डेढ, पौन ऐकत वाढला होतास. ते शब्द तुझ्या कानातच होते. हे सगळं त्या गोष्टीच्या जवळजवळ वर्षभर आधीचं आहे. साहेब म्हणतात तसं चूक झाल्यावर शिकलेलं नाही. हे मी शपथेवर सांगू शकते, कारण मशीनचा वेळ फुकट घालवतोस म्हणून तुझ्याशी भांडणारी मीच होते.

आणि त्या गोष्टीच्या पंधराएक दिवस आधी तू माझ्या टेबलाशी आलास. रसायनाच्या बॅचच्या चिठ्ठीची स्क्रीन मी लिहिली होती. प्लॅन्टवरून पॅनेलचा माणूस इंटरकॉमवर वजन सांगणार, आपण ते टाइप करणार, मशीन बाकीचा हिशोब करून चिठ्ठी छापणार, आणि ती चिठ्ठी शिपाई थेट वरच्या मजल्यावर माल टाकणाऱ्यांकडे नेणार. तू म्हणालास, टाइप केलेला आकडा शब्दांत दिसू दे, आपण तो फोनवर वाचून दाखवू, समोरचा हो म्हणाला की मगच छापू. दोन ओळींचं काम होतं. मी म्हणाले, मला कामं आहेत हरीश, फालतूपणाला वेळ नाही. मला कायम व्हायला दोन महिने उरले होते. साहेबांना चिठ्ठी झटपट छापून हवी होती आणि मला साहेब खूश हवे होते.

तो दिवस आठवतो? दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी फोन वाजला. तू प्रिंटरची रिबन बदलत होतास, दोन्ही हात काळे. मी उचलला. पलीकडे बाळाराम पाटील, मोरिवलीचे, आपले पाटील दादा. मागे पंप आणि ढवळणाऱ्या स्टररचा एवढा गोंगाट, की फोन कोणी उचलला हेही त्यांना कळलं नसावं. लॅबचा रिझल्ट आला होता आणि बॅचमध्ये किती कॉस्टिक सोडा घालायचा ते दादा सांगत होते. मला ऐकू आलं पाचशे. मी नुसतं हं म्हणाले, परत विचारलं नाही. पाऊणशे म्हणजे पंच्याहत्तर हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण आमच्या घरात कोणी ते वजनाला वापरत नव्हतं. पंच्याहत्तर म्हणजे पंच्याहत्तर. माझा कान त्या शब्दाची वाटच बघत नव्हता. मी पाच, शून्य, शून्य टाइप केलं आणि चिठ्ठी छापली.

पन्नास किलोची एक गोणी, म्हणजे दीड गोणीच्या जागी दहा गोण्या. हाताने लिहिलेली चिठ्ठी असती तर वरच्या पोरांनी शिव्या घालत खाली येऊन विचारलं असतं. पण ही कॉम्प्युटरची होती, आणि कॉम्प्युटर चुकत नाही हे आपणच त्यांना सहा महिने सांगत होतो. तिसऱ्या गोणीनंतर पॅनेलवरचा तापमानाचा काटा चढायला लागला. पाटील दादा ओरडत जिना चढले आणि त्यांनी चौथी गोणी हातातून हिसकावली. तोवर झडप उघडून वाफ बाहेर आली होती. शेड रिकामी केली, दोघांचे डोळे दवाखान्यात नेऊन धुवावे लागले, बॅच गेली. माणूस गेला नाही. चौथी गोणी पडली असती तर काय झालं असतं, हे नंतर मला कोणी नीट सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये आपण चौघं. पाटील दादा उभेच होते, त्यांना कोणी बस म्हटलं नव्हतं. ते एकच वाक्य परत परत सांगत होते, "मी पाऊनशे बोललू, पाचशे नाय बोललू." साहेब आधी त्यांच्यावर चिडले, हे तुमचे गावठी आकडे कशाला, म्हणून. मग ते वळले ते सरळ तुझ्याकडे. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मराठी मुलगी मराठी आकडा चुकेल हे त्यांच्या मनातच आलं नाही. "काय रे हरीश, पाऊणशे म्हणजे तुमच्यात काय म्हणतात?" असं ते जरा हसतच म्हणाले.

तू म्हणालास, "साहेब, ऐकण्यात गडबड झाली."

या चार-पाच शब्दांवर मी दहा वर्षं विचार करते आहे. कोणाच्या ऐकण्यात ते तू सांगितलं नाहीस. आपल्या दोन्ही भाषांत ही सोय आहे, चूक होते, गडबड होते, करणारा कुठेच नसतो. तू खोटं बोलला नाहीस. आणि वाक्य संपवून तू थांबलास. डोक्यावर पंखा फिरत होता. साहेबांच्या टेबलावरच्या काचेखाली एक कॅलेंडर होतं, त्यावरचे वार मी वाचत होते. सोमवार, मंगळवार, बुधवार. शनिवारपर्यंत पोचेस्तोवर साहेबांनी पेन उघडलं होतं.

तुला मेमो मिळाला. नवी सिस्टिम शिकायला पुण्याला एकाला पाठवायचं होतं, तुझं नाव वर्षभरापासून ठरलेलं होतं, ते कापलं. तिथे मी गेले. ठरल्या वेळी कायमही झाले. पाटील दादांना पॅनेलवरून काढून गेटजवळच्या वजनकाट्यावर बसवलं आणि फर्मान निघालं की यापुढे सगळे आकडे इंग्रजीत, एकेक करून सांगायचे. सेव्हन, फाइव्ह. वीस वर्षं ज्या माणसाने नुसत्या वासावरून बॅच ओळखली, तो ट्रक मोजायला लागला.

पुण्याहून परत आल्यावर मी तुला एमआयडीसीच्या रस्त्यावर, चहाच्या टपरीशी गाठलं. दोन दिवस पाठ करून ठेवलेले आभार मी मानले. माझी नोकरी वाचवलीस, मी हे कधी विसरणार नाही, वगैरे. तू कपातला चहा संपवलास आणि म्हणालास, "मी तुझ्यासाठी जागा सोडली होती, वसुधा. मला वाटलं तू बोलशील."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि असा संताप झाला की विचारू नकोस. म्हणजे तू माझ्यावर उपकार केलेच नव्हतेस. मला संधी दिली होतीस आणि मी ती घालवली होती. मी म्हणाले, मग आता जा आणि सांग साहेबांना. तू म्हणालास, आता सांगितलं तर ती चुगली होईल. मी म्हणाले, तुला मोठेपणा हवा होता. तू म्हणालास, मोठेपणा हवा असता तर तुझं नाव सांगून पुण्याला गेलो असतो. आपण रस्त्यात उभे राहून भांडत होतो आणि फर्स्ट शिफ्टची माणसं रिक्षातून बघत चालली होती. त्यानंतर चार महिने आपण फक्त कामाचं बोललो. पुढे पुन्हा डबे एकत्र उघडायला लागलो, पण हा विषय कोणीच काढला नाही. मला वाटायचं, निवृत्त झाल्यावर कधीतरी काढू. तू एवढी घाई करशील हे कोणाला माहीत होतं?

त्या चार महिन्यांत एका सकाळी तू न बोलता माझ्या शेजारी खुर्ची ओढलीस आणि माझ्या स्क्रीनमध्ये ते आकड्यांचे शब्द बसवलेस. मी अडवलं नाही. तेव्हापासून वजन टाकलं की खाली शब्द उमटतात आणि मशीन विचारतं, बरोबर? इंग्रजीत एकेक आकडा सांगायचं ते फर्मान वर्षभरात सगळे विसरले, पण तुझी ती ओळ अजून चालू आहे. कितीतरी वेळा पलीकडून आवाज आलाय, नाही नाही, थांबा. ज्याला मी फालतू म्हणाले त्याने किती जणांचे डोळे वाचवले असतील देव जाणे. तू म्हणायचास, "काम तो कोई भी करेल. फालतू गोष्टी कोण करणार?" मी याला आळशी माणसाची सबब समजायची. आज नव्या मुलांना मी सांगते की दिवसातला एक तास असा ठेवा, ज्याचा हिशोब साहेबांना देता येणार नाही. ते मला वेडी समजतात. तुझ्याकडून मी जे काही शिकले त्यातलं हे सगळ्यात उशिरा शिकले.

पण हरीश, रागही आहे, तो गिळून मला तुझ्यावर लिहिता येणार नाही. आपण दोघं टपरीवर उपकार, मोठेपणा, चुगली असे शब्द एकमेकांवर फेकत होतो, तेव्हा पाटील दादा गेटवर बसले होते. त्यांचं नाव आपल्या भांडणात एकदाही आलं नाही. तू जागा सोडलीस ती माझ्यासाठी. त्यांच्यासाठी कोणी सोडली? मी गप्प बसले भीतीने आणि तू गप्प बसलास तुझ्या त्या बारीक न्यायाने, पण गेटवर बसलेल्या माणसाला त्यातला फरक काय कळणार?

काल तुझ्या घरी गेले होते. पत्रिकेत द्यायच्या आधी भाभीला आणि रेशमाला सांगायचं असं ठरवून गेले होते. भाभीने पाणी दिलं, पापड दिला. मी सांगायला लागले आणि मध्येच थांबेन या भीतीने एका दमात सांगून टाकलं. भाभी पदर हातात धरून ऐकत राहिली. तुझी रेशमा म्हणजे तूच आहेस. तिने आधी तपशील विचारले. फोन कुठे होता, पप्पांचे हात कशाने काळे झाले होते, प्रोग्राम आधीचा होता हे नक्की का. सगळं जुळतंय असं वाटल्यावर म्हणाली, "तो आंटी, आपने उस दिन बोला क्यों नहीं?"

मी म्हणाले, नोकरी जाईल अशी भीती वाटली.

"और उसके बाद?"

मी हातातला पापड ताटलीत परत ठेवला. भाभी तिला गप्प करायला लागली, तर मीच म्हणाले, विचारू दे तिला. पण विचारून झालं होतं. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. भाभी दारापर्यंत आली आणि म्हणाली, छपवा, तुमचं नाव घालून छपवा. तिच्या आवाजात माया नव्हती. कशाला असावी?

आज सकाळी मोरिवलीला गेले. पाटील दादा निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. अंगणात खुर्चीवर बसले होते, गुडघ्यांना तेल लावत. मला लगेच ओळखलं, तुझं कळल्याचं म्हणाले, वाईट झालं म्हणाले. मी सांगितलं. दादा, तुम्ही पाऊणशेच म्हणाला होतात. फोनवर हरीश नव्हता, मी होते. मी पाचशे ऐकलं.

त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली. मग आत हाक मारून त्यांनी बायकोला बाहेर बोलावलं. "बाय, हिला सांग. घरात पन कोन मानत नव्हता." मी परत सांगितलं. मग त्यांनी शेजारच्या घरातून मुलाला बोलावलं, तो शर्टाची बटणं लावत आला, आणि मला तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगताना मी मध्येच थांबले, पण दादांनी मला थांबू दिलं नाही. पूर्ण ऐकून मुलगा परत गेला. वहिनी चहा टाकायला आत गेल्या.

मग दादांनी विचारलं, "हरीशला म्हाईत होता?"

मी हो म्हणाले.

दादा पुन्हा गुडघ्याला तेल चोळायला लागले. "मंग त्याने पन सांगाला पायजे होता," ते म्हणाले.

हरीश, मी तुझी बाजू घेतली नाही.